पंप बदलल्यावर गाडी घाटात तापते: हेड खोलायच्या आधी हवा नीट काढा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही खानापूरचे. गाडी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, रेडिएटरवर झाकण आणि बाजूला प्लॅस्टिकची बाटली असलेली. वॉटर पंप गळत होता म्हणून पंप आणि वरचा होज बदलून घेतला. चार दिवस गाडी गावात चांगली चालली. मग चोर्ला घाटातून गोव्याला गेलात, जाताना काही नाही. परत येताना घाटाखालचं केरी गाव सोडून घाट चढायला लागल्यावर काटा वर गेला आणि बाटलीतून पाणी उसळलं. गाडी बाजूला घेऊन, थंड करून, दोन लिटर बोअरचं पाणी घालून घरी आलात. आता दुसरे मेस्त्री सांगतायत की हेड गॅसकेट (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन खोलावं लागेल. तुम्ही विचारताय, आत हवा राहिली असेल का, आणि ती घरी काढता येते का.

हवा कशी काढायची ते सांगतोच. पण तुमची खरी अडचण इंजिन खोलायला द्यावं की नाही ही आहे, आणि तिचं उत्तर हवा काढतानाच मिळतं. इंजिनच्या पाण्यात हवा दोन वाटांनी येते. एक म्हणजे भरताना आत अडकून राहिलेली. दुसरी गाडी चालू असताना आत तयार होत राहणारी, म्हणजे हेड गॅसकेट फुटून सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात शिरतो ती. पहिली एकदा बाहेर आली की संपली. दुसरी कितीही काढा, येतच राहते. म्हणून हवा पूर्ण काढल्याशिवाय गॅसकेटवर बोट ठेवता येत नाही. दुसऱ्या मेस्त्रींनी बुडबुडे बघून तसं सांगितलं असेल तर त्यांचंही फार चुकलं असं म्हणणार नाही. दोन्ही हवांचे बुडबुडे पहिल्या दिवशी सारखेच दिसतात.

माझा कल अडकलेल्या हवेकडे का जातो ते सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याकडे जाताना शेवटी गाडी उतरतच जाते, इंजिनवर भार नसतो. परत येताना केरीपासून वर तेवढंच चढायचं, दुसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, समोरून वारा कमी, गाडीत चार माणसं आणि सामान. इंजिन सगळ्यात जास्त उष्णता तिथे टाकतं. लिटर-दीड लिटर पाणी कमी असलेली गाडी गावात आणि उतारावर काही दाखवत नाही, चढावर मात्र उघडी पडते. गॅसकेट गेलेल्या गाड्याही चढावर तापतात हे खरं. पण पंपाचं काम नुकतंच झालंय आणि त्याआधी गाडी कधी तापली नव्हती असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे आधी पाणी नीट भरलं नाही असा संशय घ्यायचा.

अडकलेली हवा एवढं नुकसान कसं करते? पंपाचा पंखा पाणी फेकू शकतो, हवा फेकू शकत नाही. हवा नेहमी उंच जागा धरून बसते: हेडच्या वरच्या कोपऱ्यात, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा वॉल्व) मागे, हीटरच्या पाइपांत. जिथे हवा तिथे धातूला पाणी लागत नाही, आणि एक्झॉस्ट वॉल्वजवळचा धातू तर भयंकर तापलेला असतो. तिथे वाफ होते, वाफ आणखी पाणी ढकलते आणि बाटली उसळते. तापमान मोजणारा सेन्सर हवेत उघडा पडला तर काट्यावरही भरवसा ठेवता येत नाही: एकदम चढतो, एकदम खाली येतो. डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येणं आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही वारा थंडच येणं, या दोन खुणा मी आधी विचारतो.

दुसरी गोष्ट झाकणाची. बेळगावच्या उंचीवर उघडं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. बहुतेक गाड्यांचा फॅन चालू होतो तोच साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान. मग रोज पाणी का उकळत नाही? कारण झाकण दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, ०.९ चं चांगलं झाकण उकळायची वेळ ११५ अंशांच्या पुढे नेतं. रबर कडक झालेलं, दहा वर्षांचं झाकण ठेवून नवीन पंप बसवणं म्हणजे अर्धंच काम. आधी त्याच आकड्याचं नवीन झाकण घ्या. जास्त आकड्याचं नको, जुन्या होजवर आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकवर ताण येतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट. मी पुढे सांगतोय ती पद्धत तुमच्यासारख्या, म्हणजे रेडिएटरवर झाकण आणि वेगळी बाटली असलेल्या गाडीची आहे. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाची टाकी असते आणि भरणं तिथूनच. काही गाड्यांना वॉटर बॉडीवर (थर्मोस्टॅट बसतो ते घर) किंवा हीटरच्या पाइपवर हवा सोडायचा स्क्रू असतो, काहींना नसतो. काही नव्या गाड्यांत विजेवर चालणारा जादा पंप असतो आणि तो स्कॅनर लावून फिरवावा लागतो. अशा गाड्या आणि काही टर्बो डिझेल मी कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या व्हॅक्यूमच्या उपकरणाने भरतो: आधी आतली हवा ओढून घ्यायची, होज चपटे होतात, उपकरणावरचा काटा तसाच टिकला तर गळती नाही हेही कळतं, मग त्याच ओढीने कूलंट आत येतं. तुमच्या गाडीला एवढं लागत नाही. पण मॅन्युअल काढून एक आकडा जरूर बघा: कूलिंग सिस्टिममध्ये एकूण किती लिटर बसतं.

तो आकडा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या गॅरेजला फोन करून एवढंच विचारा, "भरताना किती लिटर बसलं?" भांडायला नको, शांतपणे विचारा. पाच लिटरच्या गाडीतून रिकामं होताना चार लिटर निघालं आणि भरताना तीनच बसलं, तर लिटरभर हवा आत आहे, त्याला दुसरा पुरावा लागत नाही. आमच्याकडची पोरंही सुरुवातीला वरून पाणी दिसलं की "साकु (पुरे), भरलं" म्हणून मोकळी व्हायची. आता प्रत्येक कामाला काढलेलं पाणी मापाच्या कॅनमध्ये धरतो आणि भरताना त्याच कॅनने मोजतो.

ही शिस्त मला एका चुकीने लागली. गॅरेज टाकून दोनेक वर्षं झाली असतील, एका कुटुंबाच्या ओम्नीचा पंप मी संध्याकाळी बदलला आणि पहाटे ते गोव्याला निघणार म्हणून रात्रीच गाडी दिली. ओम्नीचं इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे, मध्ये जमिनीखालून लांब पाइप; हवा राहायला भरपूर जागा. पाणी वरपर्यंत दिसत होतं, मला तेवढं पुरेसं वाटलं. परत येताना घाटात गाडी तापली, दुसऱ्या गाडीला बांधून आणली, हेड वाकलं होतं. गाडीत लहान मुलं होती, तीन तास ती रस्त्याच्या कडेला बसली. हेडला फेस मारून (घासून सपाट करून) सगळं काम मी माझ्या खर्चाने केलं. तेव्हापासून पंप, रेडिएटर किंवा होजचं काम झालेली गाडी मी त्याच दिवशी देत नाही. एक रात्र थंड होऊन सकाळी झाकण उघडून पाहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मी मानत नाही.

आता तुमच्या गाडीचं. घाटात बोअरचं पाणी घातलंत ते बरोबरच केलंत, अडचणीच्या वेळी मिळेल ते पाणी घालावं. पण ते आत ठेवू नका. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरे थर धरतात. बैलहोंगल, सौंदत्तीकडून येणाऱ्या गाड्यांत तर मी नळ्या अर्ध्या बुजलेल्या पाहतो. बॅटरीच्या दुकानात बॅटरीचं पाणी मिळतं, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, त्याचा कॅन आणा. नीट सांगून मागा, ॲसिड नको, पाणी हवं.

बोअरचं पाणी काढून, बॅटरीच्या पाण्याने आतून धुऊन झाल्यावर भरताना बहुतेक जण एक हिशेब चुकतात. समजा एकूण क्षमता पाच लिटर. रेडिएटरच्या खालच्या बुचातून तीनच लिटर निघतं, बाकी दोन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. बॅटरीच्या पाण्याने धुतलं असेल तर हे दोन लिटर साधं पाणी आहे. आता तुम्ही तयार मिश्रणाचं, म्हणजे निम्मं पाणी असलेलं कूलंट तीन लिटर घातलं, तर पाच लिटरमध्ये खरं कूलंट दीडच लिटर झालं. म्हणून अशा वेळी घट्ट कूलंट, म्हणजे कॉन्सन्ट्रेट घ्या: आधी अडीच लिटर ते घाला, वर अर्धा लिटर बॅटरीचं पाणी. मिश्रण निम्मं-निम्मं जमतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही मग कूलंट कशाला, असं लोक विचारतात. गंज धरू नये, पंपाचं सील टिकावं आणि पाणी उशिरा उकळावं म्हणून. रंगावरून मात्र निवडू नका. हिरवा, गुलाबी हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, मॅन्युअलमध्ये प्रकार लिहिलेला असतो तो बघा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर, वासरू चाटून मरू शकतं. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

भरणं सकाळी करा, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. गाडी चढावर लावा, तोंड वर, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड. असं केल्याने रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच होतं आणि हवेला बाहेर पडायची वाट मिळते. तुमच्या गाडीत हीटरचे पाइप त्याहून उंच दिसत असतील तर चढाचा फायदा नाही, मग गाडी सपाटच ठेवा आणि नरसाळं उंच धरून भरा. हीटरचा कंट्रोल पूर्ण गरमवर. बऱ्याच गाड्यांत हीटरमधून पाणी सतत फिरतं, पण काहींत वॉल्व असतो आणि तो बंद राहिला की हीटरमधली हवा तिथेच अडकते. उघडा ठेवण्यात तोटा काही नाही.

धार बारीक ठेवा. भसाभस ओतलं की पाणी हवेला वरून दाबून कोंडतं. वर आलं की थांबा, वरचा आणि खालचा होज हाताने दाबून सोडा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत घाला. पाच लिटर भरायला मी पंधरा-वीस मिनिटं घेतो. हवा सोडायचा स्क्रू असेल तर भरताना सैल ठेवा, बुडबुडे थांबून अखंड धार आली की बंद करा. तो बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो, पाना घालून आवळला की तुटतो. स्क्रू नसेल तर हीटरचा सगळ्यात उंच होज क्लिप सोडून किंचित सैल करता येतो. फक्त थंड इंजिनवर, हे विसरू नका.

मग झाकण उघडं ठेवून, एसी बंद करून गाडी चालू करा. एसी लावला तर फॅन त्याच्यामुळेच फिरतो आणि इंजिनचं तापमान कळत नाही. फॅनच्या जवळ ओढणी, टॉवेल, बोटं नेऊ नका. तो कधीही सुरू होतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोपर्यंत बारीक बुडबुडे येत राहतील. उघडला की एक मोठा बुडबुडा येतो, पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज झटक्यात गरम होतो. ती जागा भरून घ्या आणि पाणी फुगून वर यायच्या आत झाकण लावा. एकदा गरम झाल्यावर ते झाकण परत उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवलं की त्याची वाफ होऊन तोंडावर येते. भाजलेले हात मी पाहिलेत.

झाकण लावल्यावर बाटलीत वरच्या खुणेपर्यंत भरा. अधूनमधून दोन-अडीच हजारांपर्यंत रेस द्या, दहा-पंधरा सेकंद, परत आयडल. फॅन दोनदा चालू होऊन दोनदा बंद व्हायला हवा. आता हीटरचा ब्लोअर लावा: वाऱ्यात हात धरवत नाही इतका गरम यायला पाहिजे. थंड आला तर हवा आहेच. गाडीला काट्याऐवजी नुसता निळा-लाल दिवा असेल तर ब्लूटूथचं स्वस्त ओबीडी यंत्र (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसतं ते) लावून मोबाइलवर तापमानाचा आकडा बघता येतो. दिव्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

बंद करा आणि रात्रभर सोडा. थंड होताना आतलं पाणी आकसतं आणि झाकणातला छोटा वॉल्व बाटलीतून पाणी ओढून घेतो. बाटली रिकामी असेल तर पाण्याऐवजी हवाच ओढली जाते आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर तो वॉल्व अडकलाय असं समजा. झाकण उघडा. थोडं कमी झालेलं असणार, ते भरा. इथे एक चूक खूप होते: लोक बाटली भरलेली बघतात आणि समाधान मानतात. बाटली भरलेली आणि रेडिएटर लिटरभर रिकामा, अशा गाड्या माझ्याकडे येतच असतात. थंड गाडीत झाकण उघडून तोंडापर्यंत पाणी दिसलं तरच भरलं असं धरायचं.

इथपर्यंत म्हणजे: नवीन झाकण, मोजून भरणं, एकदा पूर्ण गरम, एकदा पूर्ण थंड, परत भरणं. हे चक्र दोनदा करा. तिसऱ्या सकाळी पातळी हलली नसेल आणि हीटर गरम असेल, तर अडकलेली हवाच होती.

आणि हलली तर? मग आत तयार होणाऱ्या हवेचा विचार करायचा. थंड गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन गरम व्हायच्या आधीच, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर तो वाफेचा दाब नाही, गॅसचा आहे. दोन-तीन चक्रांनंतरही बुडबुडे येत असतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तेही तसंच. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होणं, गरम गाडीतून गोडसर वासाचा पांढरा धूर, तेल दुधी होणं, या पुढच्या खुणा. तेलाच्या बाबतीत घाई करू नका. खानापूरच्या पावसात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तेलाच्या झाकणाखाली पांढरा साय-सारखा थर नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं तेल बघा. हेड खोलायला देण्याआधी निळ्या द्रावणाची तपासणी मागा. रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून वरची हवा त्या द्रावणातून घेतात, जळका गॅस असेल तर निळं पिवळं होतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुरुवात हवेमुळे झाली असली तरी उकळलेल्या गाडीचं गॅसकेट त्या दिवशी जाऊ शकतं. काटा वर गेल्यावर तुम्ही किती वेळ गाडी ओढलीत, यावर ते आहे. लगेच थांबला असाल तर आशा चांगली. चोर्ला गाव येईपर्यंत तशीच चढवली असेल तर निळी तपासणी आधी करा, मग बाकीचं.

कुणी सांगेल की थर्मोस्टॅटच काढून टाका, गाडी कधी तापणार नाही. ते ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कामाच्या तापमानाला नीट येत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दोष झाकून राहतो. तो जुना असेल तर नवीन बसवा. त्याच्या चकतीला बऱ्याचदा लहान छिद्र आणि त्यात हलणारी पिन असते, ती हवा सोडण्यासाठीच आहे. ती बहुतेक गाड्यांत वरच्या बाजूला यायला हवी. पंपाच्या कामात वॉटर बॉडी उघडली होती का, हेही पहिल्या गॅरेजला त्याच फोनवर विचारा. पिन खाली गेली असेल तर वरची हवा सुटायला फार वेळ लागतो.

सगळं नीट झाल्यावर लगेच केरीला उतरू नका. दोन दिवस खानापूर-बेळगाव करा, मग जांबोटीपर्यंत एकदा भार देऊन चालवा, दर सकाळी पातळी बघा. गाडीत पाच लिटर बॅटरीचं पाणी आणि एक जाड फडकं ठेवा. चढावर काटा हलायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, आणि जागा मिळेल तिथे बाजूला. निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तिथेच तडकू शकतं.

पहिल्या गॅरेजने किती लिटर सांगितलं आणि तुम्ही मोजून भरल्यावर किती बसलं, हे दोन आकडे आणि तिसऱ्या सकाळची पातळी इथे लिहा. पुढे हेडकडे जायचं की नाही ते त्यावरून सांगतो.